रुग्णाचे शब्द आणि शरीराची रचना

परिचारिका अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच विद्यार्थ्यांच्या हाती शरीररचना व शरीरक्रिया या विषयाचे जाडजूड पुस्तक पडते. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींची खरी कसोटी येथून सुरू होते. स्टर्नम, फीमर, पेरिटोनियम, डिस्टल, लॅटरल असे शब्द एकेका पानावर दहा-दहा भेटतात. वर्गात विचारायला संकोच वाटतो, वसतिगृहात विचारायला कोणी नसते. मग पुस्तक पुढे ठेवून रात्रभर घोकंपट्टी चालते. परीक्षेत त्यातून गुण मिळतातही. पण सहा महिन्यांनी वॉर्डमध्ये उभे राहिल्यावर त्यातले काहीच आठवत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. ज्या घरांत पूर्वी कोणी नर्सिंग केलेले नाही, अशा घरांतूनही आज मुलेमुली या शिक्षणाकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी या विषयाची तोंडओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वॉर्डमध्ये सिस्टर जे नियम शिकवतात त्यांतील जवळजवळ प्रत्येक नियमामागे शरीरातील एखादी विशिष्ट जागा असते. सुई अमुक ठिकाणीच टोचायची, दम लागलेल्याला उठवून बसवायचे, दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीवर झोपवायचे, हे नियम कोणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. ती जागा कळली की नियम आपोआप लक्षात राहतो. जागा न कळता नुसता नियम पाठ केला, तर तो गर्दीच्या वेळी निसटतो आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस देतो.

दुसरी गोष्ट भाषेची. पुस्तक इंग्रजीत आहे, केसपेपर इंग्रजीत आहे, पण रुग्ण बोलतो ते मराठीत. "सिस्टर, पोटात दुखतंय," असे तो म्हणतो. हे पोट म्हणजे कोणते? मराठीत जठरालाही पोट म्हणतात आणि बरगड्यांपासून जांघेपर्यंतच्या सगळ्या भागालाही पोटच म्हणतात. मूल पोटात असते, जेवणही पोटात जाते. काळीज या शब्दाचेही तसेच आहे. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. पण "काळजात धडधडतं" असे आजीबाई म्हणतात तेव्हा त्यांना हृदय सांगायचे असते. शीर हा शब्द तर सर्वांत फसवा. "हाताची शीर सापडत नाही" येथे शीर म्हणजे रक्त नेणारी नीला. "कमरेत शीर दबली" येथे शीर म्हणजे मज्जातंतू. "पोटरीत शिरेवर शीर चढली" असे म्हटले तर त्यात ना नीला ना मज्जातंतू, तो स्नायूचा पेटका असतो. एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे उपचार निराळे आहेत.

याचा अर्थ आपली भाषा अपुरी आहे असा मात्र कोणी घेऊ नये. नेमके शब्द मराठीत भरपूर आहेत. हाताला खांदा, दंड, कोपर, मनगट, पंजा, तळवा. पायाला मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, चवडा. छातीला बरगड्या, पाठीला फरा, मणक्याच्या शेवटी माकडहाड. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे सर्व शब्द माहीत असतात. रुग्ण नुसते "पाय दुखतो" म्हणाला तर "मावशी, एका बोटाने दाखवा बरं, नेमकं कुठं?" असे विचारायचे. एका बोटाने जागा दाखवणारा रुग्ण आणि अख्खा तळहात फिरवून दाखवणारा रुग्ण यांच्या दुखण्यातही फरक असू शकतो, म्हणून तो कसा दाखवतो हेही पाहावे. "बेंबी सरकली" अशी तक्रार घेऊन खेड्यापाड्यातील माणसे येतात. बेंबी म्हणजे नाळ जिथे जोडलेली होती तिथला व्रण. तो सरकत नाही. तथापि त्या माणसाचे दुखणे खोटे नसते. त्याला हसण्याऐवजी जागा विचारावी व ती जशी दाखवली तशी लिहावी.

आता जागा लिहायची कशी, हा प्रश्न येतो. झोपलेल्या, कुशीवर वळलेल्या, पाय दुमडलेल्या माणसाचे वर-खाली, पुढे-मागे कसे ठरवायचे? त्यासाठी जगभरच्या डॉक्टर-परिचारिकांनी एक ठरीव स्थिती मानली आहे. माणूस ताठ उभा आहे, नजर समोर, पाय जवळ जवळ, हात बाजूला सोडलेले आणि तळहात पुढे केलेले. रुग्ण प्रत्यक्षात कसाही असो, वर्णन करताना तो असाच उभा आहे असे समजायचे. तळहात पुढे का, असे विद्यार्थी विचारतात. तळहात पुढे केला की पुढच्या हाताची दोन्ही हाडे एकमेकांना समांतर राहतात आणि अंगठा बाहेरच्या बाजूला येतो. हात उलटा फिरवला की अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्यावरून तिरके जाते. स्वतःच्या हातावर हे करून पाहावे, म्हणजे रेडियस बाहेर आणि अल्ना आत हे कधी विसरणार नाही.

डावे-उजवे नेहमी रुग्णाचे, आपले नव्हे. हे वाचताना अगदी सोपे वाटते. परंतु आपण रुग्णासमोर तोंड करून उभे असतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. एक्स-रे पाहतानाही फिल्म अशी धरतात की रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तयारी करताना, ड्रेसिंगची नोंद करताना, कोणत्या डोळ्यात थेंब घालायचे हे लिहिताना ही एक चूक माणसाचा चांगला डोळा किंवा चांगला गुडघा धोक्यात आणू शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेची बाजू रुग्णाच्या अंगावर शाईने खूण करून नक्की करण्याची पद्धत रूढ झाली आहे.

दिशांचे शब्द जोडीने शिकावेत. मधल्या रेषेजवळचे ते मीडियल, तिच्यापासून दूरचे ते लॅटरल. हातापायाच्या बाबतीत धडाजवळचे ते प्रॉक्सिमल, धडापासून दूरचे ते डिस्टल. कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल आहे. पुढचे अँटिरियर, मागचे पोस्टिरियर. उताणे झोपणे म्हणजे सुपाइन आणि पालथे झोपणे म्हणजे प्रोन. एवढ्या शब्दांवर पहिले सहा महिने निघतात.

पेशी, ऊती, अवयव आणि संस्था ही चढती पायरी शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेली असते. पेशी म्हणजे घराची वीट, अशी उपमा तेथे बहुधा दिलेली असते. आम्हाला ती उपमा फारशी पटत नाही. वीट निर्जीव असते. पेशी खाते, श्वास घेते, टाकाऊ बाहेर टाकते, बहुतेक ठिकाणी नवी पेशी जन्माला घालते आणि मरते. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. मेंदूतील बहुतेक पेशी मात्र जन्मभर त्याच राहतात, म्हणून पक्षाघातात गेलेला मेंदूचा भाग जखमेसारखा भरून येत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील प्रत्येक पेशीला रक्ताने प्राणवायू पोहोचवावा लागतो.

सारख्या कामाच्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते. ऊतींचे मुख्य प्रकार चारच: अस्तर घालणारी, आधार देऊन जोडणारी, आकुंचन पावणारी म्हणजे स्नायूंची, आणि संदेश नेणारी म्हणजे मज्जातंतूंची. या चारही ऊती एकत्र पाहायच्या असतील तर जठर घ्यावे. आतून अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या धरून ठेवणारी जोडऊती, मग घुसळणारा स्नायू, आणि त्यांना हुकूम देणारे मज्जातंतू. असे निरनिराळ्या ऊतींचे मिळून एक काम करणारे जे बनते तो अवयव, आणि एका कामात भाग घेणारे अवयव मिळून संस्था. बहुतेक पुस्तकांत अकरा संस्था दिलेल्या असतात. त्यांची यादी पाठ करायला हरकत नाही. पण शरीर पुस्तकातील प्रकरणांप्रमाणे वेगवेगळे चालत नाही हे ध्यानात ठेवावे. हृदय थकलेल्या रुग्णाकडे पाहा. दुखणे हृदयाचे आहे, पण दम फुप्फुसांत पाणी साचल्यामुळे लागतो, सूज घोट्यावर दिसते, आणि लघवी किती झाली हे मोजायचे काम परिचारिकेकडे येते, कारण साचलेले पाणी बाहेर काढण्याचे काम मूत्रपिंडांकडे असते. चार प्रकरणे एकाच खाटेवर!

शरीराच्या पोकळ्या हा विषय विद्यार्थी घाईने उरकतात. वास्तविक तो सर्वांत उपयोगाचा. कवटीत मेंदू, मणक्यांच्या नळीत मज्जारज्जू, बरगड्यांच्या पिंजऱ्यात हृदय व फुप्फुसे, त्याखाली उदरपोकळी आणि तळाशी ओटीपोटाची पोकळी. छाती आणि उदर यांच्यामध्ये घुमटासारखा वर फुगलेला स्नायूचा पडदा असतो, त्याला डायाफ्राम किंवा श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा पडदा खाली उतरतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. रुग्ण सपाट उताणा झोपला की पोटातील आतडी व यकृत पडद्यावर खालून रेटा देतात आणि त्याला उतरणे जड जाते. म्हणून दम लागलेल्याची पाठ उशांनी उंच करायची. उठवून बसवले की पोटातले अवयव आपल्या वजनाने खाली येतात आणि पडदा मोकळा होतो. या स्थितीला फाउलर स्थिती असे नाव आहे.

गळ्यात श्वासनलिका पुढे असते व अन्ननलिका तिच्या मागे. स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवले तर श्वासनलिकेची कडक कडी हाताला लागतात. अन्ननलिका मऊ असल्याने लागत नाही. नाकातून जठरात नळी घालताना धोका आहे तो इथे, कारण घशापर्यंत रस्ता एकच असतो. नळी किती आत घालायची ते नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात. ती जठरातच गेली आहे याची वॉर्डच्या पद्धतीप्रमाणे खात्री झाल्याशिवाय तीतून पाण्याचा थेंबही घालायचा नाही. चुकून फुप्फुसात गेलेले दूध माणसाचा जीव घेऊ शकते. श्वासनलिका छातीत उतरल्यावर तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा असतो. म्हणूनच लहान मुलाच्या घशात गेलेला शेंगदाणा किंवा मणी बहुधा उजव्या बाजूस जाऊन अडकतो.

उदराचे वर्णन करण्यासाठी बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेषा कल्पून चार भाग पाडतात. उजव्या वरच्या भागात बरगड्यांखाली यकृत आणि त्याला चिकटून पित्ताशय. डाव्या वरच्या भागात जठराचा मोठा भाग आणि अगदी कडेला, मागच्या बाजूला प्लीहा. जुन्या माणसांचा यासाठी पाणथरी हा शब्द आहे. उजव्या खालच्या भागात लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तेथेच अपेंडिक्सची शेपटी लोंबत असते. डाव्या खालच्या भागात मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग. एनिमा देताना रुग्णाला डाव्या कुशीवर का वळवतात, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. लहान आतडे सुमारे सहा मीटर आणि मोठे सुमारे दीड मीटर, इतकी लांबी एवढ्याशा जागेत घड्या घालून बसलेली असते.

अपेंडिक्सच्या दुखण्याची एक गंमत आहे. अर्थात रुग्णाला ती गंमत वाटत नाही. दुखणे बहुधा प्रथम बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. आतड्याचे मज्जातंतू जागा नेमकी सांगू शकत नाहीत, म्हणून सुरुवातीला दुखणे मध्यभागी वाटते. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की त्या अस्तराचे मज्जातंतू जागा बरोबर सांगतात. तेव्हा "सकाळी कुठं दुखत होतं आणि आता कुठं दुखतंय?" हा साधा प्रश्न विचारून दोन्ही उत्तरे वेळेसह लिहून ठेवणारी परिचारिका डॉक्टरांचे निम्मे काम करते. दुखणे सरकले म्हणजे रुग्ण खोटे बोलतो असे नव्हे.

ओटीपोटाच्या बाबतीत एकच आकडा सांगतो. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटीमीटर लांबीचा, पुरुषाचा सुमारे वीस. गुदद्वारही जवळच. स्त्रियांना लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार का होतो आणि स्वच्छता पुढून मागे का करायची, हे यावरून समजते. बायका ही तक्रार लाजेने सांगत नाहीत, "अंगावरून जातं" एवढेच म्हणतात, आणि त्या एका वाक्यात रक्त, पांढरे पाणी किंवा आणखीही काही असू शकते. आडोसा करून, हळू आवाजात पुन्हा विचारावे.

गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवण्याचे कारणही रचनेतच आहे. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी नीला मणक्याच्या पुढे, थोडी उजवीकडे असते. भरल्या दिवसांची बाई उताणी झोपली तर गर्भाशयाचे वजन या नीलेवर पडते, हृदयाकडे रक्त कमी येते, तिला भोवळ येते आणि बाळाचेही रक्त कमी होते. डावीकडे वळवले की दाब उतरतो.

आता इंजेक्शनकडे येऊ. आमच्या मते पहिल्या वर्षात एखादी गोष्ट पक्की समजून घ्यायची असेल तर ती ही. लोक म्हणतात, "कमरेत इंजेक्शन दिलं." ते कमरेत नसते, कुल्ल्याच्या स्नायूत असते. हा भाषेचा घोटाळा रुग्णाने केला तर चालतो. परिचारिकेच्या मनात मात्र जागा स्वच्छ हवी. कारण त्याच स्नायूखालून सायटिक नावाचा मज्जातंतू जातो. शरीरातला हा सर्वांत जाड मज्जातंतू. तो ओटीपोटातून बाहेर पडून कुल्ल्याच्या खालच्या भागातून मांडीच्या मागे उतरतो. पोटरीला, नडगीच्या स्नायूंना, पावलाला हुकूम जातात ते त्याच्याच फांद्यांतून. सुई किंवा औषध त्याला लागले तर पाऊल उचलत नाही, चवडा जमिनीवर घासत राहतो. तापासाठी म्हणून घेतलेल्या एका सुईने माणूस लंगडा होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हे काय पडते ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून जुना नियम असा: एका कुल्ल्याचे मनाने चार भाग करा आणि वरच्या, बाहेरच्या भागातच सुई द्या. मज्जातंतू खाली आणि आतल्या बाजूला असतो, त्यापासून दूर राहायचे हा त्यामागचा हेतू. नियम चांगला, पण चार भाग कुठून कुठपर्यंत मोजायचे यात घोळ होतो. रुग्ण घाईत लुगडे किंवा पायजमा थोडासा खाली करतो आणि जेवढा भाग दिसतो त्याचेच चार भाग केले जातात. मग वरचा-बाहेरचा भाग चुकतो. पूर्ण भाग उघडा केल्याशिवाय, आडोसा लावून का होईना, जागा मोजू नये.

आता पुष्कळ ठिकाणी कुल्ल्याच्या मागच्या भागाऐवजी बाजूचा भाग अधिक सुरक्षित म्हणून शिकवला जातो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक बाहेरून हाताला लागते, त्यावर तळहात ठेवायचा. रुग्णाच्या उजव्या बाजूस आपला डावा हात, डाव्या बाजूस उजवा. तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर आणि मधले बोट त्याच हाडाच्या कडेने मागे पसरायचे. दोन बोटांमधील त्रिकोणात सुई द्यायची. येथे स्नायू जाड असतो आणि मोठा मज्जातंतू किंवा मोठी रक्तवाहिनी नसते. मोजमाप हाडांवरून आहे, म्हणून माणूस लठ्ठ असो की वाळलेला, जागा चुकण्याची शक्यता कमी. तान्ह्या मुलांच्या बाबतीत कुल्ल्याचा स्नायू पुरेसा भरलेला नसतो. म्हणून त्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात. सहा, दहा व चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस तेथेच दिली जाते. "एवढुशा पोराच्या मांडीत का टोचता?" असे आजी रागावून विचारतात. त्यांना खरे कारण सांगता आले पाहिजे.

याच विचाराने अंथरुणावरील जखमाही पाहाव्यात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व स्नायू चिमटीत सापडतात, तेथले रक्त थांबते आणि ऊती मरते. म्हणजे या जखमा कोठे होणार हे आधीच सांगता येते: माकडहाडाच्या वरची सपाट जागा, टाचा, कुल्ल्याच्या बाजू, कोपरे, डोक्याचा मागचा भाग. जेथे कातडीखाली लगेच हाड, तेथे धोका. दर दोन तासांनी कूस बदलायची ती म्हणूनच, आणि बदलताना या जागा डोळ्यांनी पाहायच्या.

हे सर्व शिकायला सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्वतःचे अंग. आता मोबाईलवर शरीराची चित्रे फिरवून पाहता येतात, ती जरूर पाहावीत. पण बोटांना हाडाची सवय चित्रातून होत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला बोटे ठेवा. नाडी तेथे लागते, कारण रोहिणी रेडियस हाडावर टेकलेली असते आणि दाबायला मागे कठीण आधार मिळतो. छातीच्या मधल्या हाडावर वरून खाली बोट सरकवा; थोड्या अंतरावर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. तेथून बरगड्या मोजत डाव्या बाजूला पाचवी व सहावी यांच्यामधल्या फटीत, हासळीच्या मध्यातून सोडलेल्या उभ्या रेषेजवळ, हृदयाच्या टोकाचा ठोका सापडतो. हृदय डावीकडे असते असे सर्व म्हणतात. प्रत्यक्षात ते छातीच्या मध्यभागी असून टोक डावीकडे झुकलेले आहे. म्हणून हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती दाबताना हात डाव्या बाजूला ठेवत नाहीत, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवतात आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबतात. हाडांची संख्या प्रौढात २०६ हे सर्वांना पाठ असते. त्यांतील वीस हाडे तरी कातडीवरून चाचपून दाखवता आली तर अधिक बरे.

दुसरे साधन स्वयंपाकघरातले. बोकडाचे हृदय मटणवाल्याकडे मिळते. ते उभे चिरले की चारही कप्पे, झडपा आणि झडपांना ओढून धरणारे दोरे दिसतात, आणि डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड का, हा प्रश्न आपोआप पडतो. डाव्या कप्प्याला सर्व शरीरभर रक्त ढकलायचे असते, उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच. गुर्दा चिरला की आतला बाहेरचा रंग वेगळा दिसतो. ज्या मुलींनी घरी वजडी धुतली आहे त्यांनी आतड्याचे मखमली अस्तर हाताने अनुभवलेले असते. शहरी वर्गमैत्रिणींना ते चित्रातून समजून घ्यावे लागते. एवढे मात्र लक्षात ठेवावे, बोकड रवंथ करणारा प्राणी असल्याने त्याच्या जठराला चार कप्पे असतात, माणसाच्या जठराला नाहीत.

प्राण्यांवरून माणूस जोखण्यात किती फसगत होते याचा दाखला इतिहासातच आहे. दुसऱ्या शतकातील गॅलन या वैद्याने माकडे, डुकरे अशा प्राण्यांच्या विच्छेदनावरून बरेच लिहिले. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असेही त्याचे मत होते, आणि सुमारे तेराशे वर्षे युरोपात तेच शिकवले गेले. १५४३ साली अँड्रियास व्हेसॅलियसने मानवी देह स्वतः उघडून लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जबडा एकाच हाडाचा आहे हे दाखवले. आपल्या देशात प्रेताला हात लावणे उच्चवर्णीयांत विटाळ मानले जाई. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवविच्छेदन केले, तेव्हा तो विटाळ मोडला. पुढे १९४९ साली मुंबई प्रांतात शरीररचनेच्या शिक्षणासाठी बेवारस मृतदेह देण्याचा कायदा झाला. बेवारस म्हणजे बहुधा गरीब, रस्त्यावरचा, ज्याची चौकशी करायला कोणी आले नाही असा. त्यांच्यामुळे आणि आता स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांमुळे आपल्याला शरीर पाहायला मिळते.

काही नर्सिंग महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना शवविच्छेदनाच्या दालनात नेतात. तेथे फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांत पाणी येते, पहिल्या दिवशी एखादीला भोवळही येते. सकाळी काही खाऊन जावे. चित्रात रोहिणी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो, टेबलावर तिन्ही जवळजवळ एकाच मातकट रंगाचे दिसतात. त्यांतून शीर कोणती हे हाताने ओळखायला शिक्षक शिकवतील: रोहिणीची भिंत जाड, नीला चपटी पडलेली, मज्जातंतू भरीव दोरीसारखा. अवयवांच्या जागाही सर्वांत तंतोतंत सारख्या नसतात; सुमारे दहा हजारांत एखादा माणूस असाही असतो की ज्याचे यकृत डावीकडे आणि हृदयाचे टोक उजवीकडे असते. वेळ थोडा मिळतो, म्हणून काय पाहायचे ते आधी ठरवून जावे. आमची सूचना अशी की देह पालथा ठेवलेला असेल तर शिक्षकांना विनंती करून कुल्ल्याचा मोठा स्नायू बाजूला करून दाखवायला सांगावे. त्याखाली आपल्या बोटाएवढा रुंद, पांढुरका सायटिक मज्जातंतू खाली उतरताना दिसेल. हातमोजे घातलेल्या हाताने तो एकदा उचलून पाहावा आणि वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यापासून तो किती अंतरावर आहे ते बोटांनी मोजून घ्यावे.